हिरव्या खुणेसाठी उम्म अल कुवैनला

उर्मिला निमकरांचा डबा रिकामा परत करायची हिंमत अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या त्यांच्या इमारतीत कुणात नाही. समोरच्या शहनाझने, नवी होती तेव्हा, एकदा केली होती. डबा घासूनपुसून, वर टिश्यू गुंडाळून आणून दिला. उर्मिलाबाईंनी झाकण उघडून आत पाहिलं, मग शहनाझकडे पाहिलं, मग पुन्हा आत पाहिलं. तेव्हापासून शहनाझकडून डबा येतो तो काही ना काही घेऊनच येतो, आणि घरात काहीच नसेल तेव्हा निदान चमचाभर साखर तरी असते.

अशा बाईने इंटरनेटवर फुकट सल्ले वाटायला बसावं, यात नियतीचा थोडा खोडसाळपणाच म्हणायचा.

उर्मिलाबाई मुसफ्फातल्या एका कंत्राटदार कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहेत. म्हणजे नकाशे, परवाने, पत्रं, हजेऱ्या यांतलं काय कुठे आहे हे ऑफिसात ज्या एकाच माणसाला माहीत असतं, ते माणूस. सांगलीहून लग्न होऊन अबू धाबीत आल्या तेव्हा स्प्रेडशीट कशाशी खातात हेही त्यांना ठाऊक नव्हतं. आज त्या शीटकडे बघतात ते मुरलेली सुगरण तव्यावरच्या पोळीकडे बघते तसं. कुठे कच्चं राहिलंय ते त्यांना उलटायच्या आधी कळतं. पूर्वी ऑफिसातली सगळी पोरं "उर्मिला मॅम, वन मिनिट" करत त्यांच्या टेबलापाशी यायची आणि त्या एका मिनिटाचा अर्धा तास व्हायचा. आता पोरं फोनमधल्या एआयला विचारतात. टेबलापाशी येतात ती स्टेपलर मागायला. उर्मिलाबाईंना याचं फार वाईट वाटतं. तसं त्या म्हणत नाहीत, पण स्टेपलर मात्र कुलपात ठेवतात.

त्यामुळे त्यांचा जीव रमला तो इंटरनेटवरच्या एका फोरमवर. तिथे जगभरातले लोक शीटमधल्या अडचणी विचारायचे, जाणकार उत्तरं द्यायचे, आणि जे उत्तर लागू पडलं त्याच्यापुढे विचारणाऱ्याने हिरवी खूण करायची, एवढाच रिवाज. खूण दिसली की मागून येणाऱ्याला कळायचं, हा रस्ता खरा आहे. त्याला एक बोट पुरतं. पण काम झालं की नेमकं तेच बोट लोकांना जड होतं. गरज सरो, वैद्य मरो.

उर्मिलाबाई मात्र मरणाऱ्या वैद्यांपैकी नव्हत्या. प्रत्येक उत्तराच्या तळाशी त्या इंग्रजीत लिहायच्या, काइंडली कन्फर्म की चाललं का. दोन दिवसांनी काइंडली रिमाइंडर. आठवड्याने काइंडली फायनल रिमाइंडर. नॉर्वेतल्या एका प्राध्यापकाने या रिमाइंडरांना भिऊन, न विचारता, आपल्या जुन्या सगळ्या प्रश्नांवर खुणा करून टाकल्या होत्या. फोरमवर त्यांना "काइंडली आंटी" म्हणत. हा टोमणा आहे असं मुलगी केयाने सांगून पाहिलं. उर्मिलाबाईंनी ती पदवी समजून घेतली.

त्यांच्या सगळ्या उत्तरांत एक उत्तर सर्वांत लाडकं होतं. उम्म अल कुवैनच्या औद्योगिक भागातून खैर नावाच्या कुणी ते मागितलं होतं. बोटी बांधायच्या कारखान्यात तो टाइमकीपर होता आणि कामगारांच्या तासांचं शीट त्याला दाद देत नव्हतं. रात्रपाळी बारा वाजता दिवस ओलांडायची की तासांच्या जागी नुसती ##### अशी कुंपणं उमटायची. रमजानात दिवसाचे तास दोनने कमी व्हायचे. उन्हाळ्यात दुपारी बाहेरचं काम बंद ठेवायचा सरकारी नियम होता, तो वेळ वेगळा वजा करायचा. उर्मिलाबाई पंधरवडाभर त्या शीटवर बसल्या. घरात भात लागला, नवऱ्याचा, संजयरावांचा, शर्ट इस्त्रीखाली पिवळा पडला, पण शीट असं उभं राहिलं की मध्यरात्र, रमजान आणि दुपार तिन्ही मुकाट ओळीत आली. खैरने लिहिलं, "नोटेड मॅडम, विल चेक." आणि त्यानंतर तो जो गप्प झाला तो कायमचा. रिमाइंडर गेले, फायनल रिमाइंडर गेले. पालथ्या घड्यावर पाणी.

असं वर्ष उलटून गेलं. मग यंदा फोरमवाल्यांनी कळवलं की आता फारसं कुणी विचारायला येत नाही, म्हणून जुनी जागा महिनाअखेर बंद होणार. नव्या जागेवर फक्त हिरवी खूण असलेले धागे, म्हणजे प्रश्न आणि त्याखालची सगळी उत्तरं, नेऊन कायमचे ठेवणार. बाकीचे पुसून टाकणार.

उर्मिलाबाईंनी ते वाचलं आणि चहा घ्यायचं विसरल्या. बाकीच्यांचं एक वेळ त्यांनी सोसलं असतं. पण ते शीट पुसणार म्हणजे त्यांनी आयुष्यात केलेल्या सर्वांत नेटक्या कामाचा मागमूस राहणार नव्हता, आणि ते चाललं होतं की नाही हेही त्यांना कधी कळणार नव्हतं. त्यांनी खैरला निरोप धाडला. मग आणखी एक. मग त्याने नमुन्याला पाठवलेली जुनी फाइल उघडली. बिचाऱ्याने माथ्यावरचं कारखान्याचं नाव खोडलंच नव्हतं. नकाशावर कारखाना सापडला, नंबर सापडला, तो नुसता वाजत राहिला.

"शनिवारी उम्म अल कुवैनला जायचंय," त्यांनी जेवताना जाहीर केलं.

संजयराव विमानतळावर कार्गोत काम करतात. माल कुठूनही कुठेही जाऊ शकतो यावर त्यांचा विश्वास आहे, त्यामुळे त्यांना फारसं नवल वाटलं नाही. "तिथे काय आहे?" एवढंच त्यांनी विचारलं.

"एका माणसाने खूण करायची राहिली आहे."

केयाने फोनवरून मान वर केली. "आई, दॅट्स लिटरली स्टॉकिंग."

"स्टॉकिंग कसलं? मी काय रिकाम्या हाताने जाणार आहे का?" उर्मिलाबाई म्हणाल्या आणि बेसन भाजायला उठल्या.

वसुलीला निघालेली बाई बरोबर लाडवांचा डबा घेते हे संजयरावांनी लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं. दुबई मागे पडली, शारजाला गाड्यांची नेहमीची रांग लागली, आणि मांडीवर डबा धरून उर्मिलाबाई काय बोलायचं त्याची तालीम करत राहिल्या. हा खैर कुणी पठाण असणार असं त्यांनी ठरवून टाकलं होतं, त्यामुळे तालीम हिंदीत चालली होती. "भाईसाहब, एक उँगली का काम था." नको, फार कडक. "भाईसाहब, कैसे हैं आप." नको, फार मऊ. अजमान संपेपर्यंत त्यांना मधलं काही सापडलं नाही.

कारखान्याच्या आवारात अर्धवट बांधलेल्या बोटी पालथ्या पडल्या होत्या आणि फायबरचा उग्र वास नाकात जात होता. कोपऱ्यातल्या पत्र्याच्या केबिनमध्ये एसीखाली एक पन्नाशीचा, दाढी नीट कातरलेला गृहस्थ कॉम्प्युटरसमोर बसला होता. संजयराव गाडी सावलीत लावायचं निमित्त करून बाहेरच राहिले.

"आप खैर?" उर्मिलाबाईंनी दारातूनच विचारलं. "मैं उर्मिला. अबू धाबी से. वो फोरमवाली."

तो माणूस खुर्चीतून उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. त्याचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. मग तो आतल्या दाराकडे वळून म्हणाला, "साजिदा, अगं बाहेर ये. काइंडली मॅडम आल्यात."

उर्मिलाबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "तुम्ही मराठी?"

"खेडचा, मॅडम. खैरुद्दीन परकार. तुम्ही?"

"सांगलीची."

पंधरवडाभर दोघांनी डिक्शनरी उशाशी घेऊन एकमेकांना जे 'नोटेड' आणि 'काइंडली' पाठवले होते, ते सगळे त्या केबिनमध्ये येऊन उभे राहिल्यासारखे झाले. "तरीच," खैरुद्दीन म्हणाला, "तुमचं इंग्लिश मला लगेच कळायचं."

हे कौतुक होतं की काय याचा निकाल लागायच्या आत आतून साजिदा आली. तिशीची, उंच, कानामागे पेन खोचलेली. शेजारच्या कारखान्यात अकाउंट्स बघायची आणि शनिवारी इथलेही पगाराचे तास तपासून द्यायची. दापोलीची, खैरुद्दीनच्या मावसबहिणीची मुलगी. तिने उर्मिलाबाईंना आपादमस्तक पाहिलं. "म्हणजे उर्मिला खरंच कुणी आहे तर," ती म्हणाली.

"म्हणजे?"

खैरुद्दीनने न बोलता स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. त्यांचं शीट होतं. तेच रकाने, त्यांनी हौसेने दिलेला तोच फिका पोपटी रंग. आणि खाली टॅबवर लिहिलं होतं, उर्मिला. या रस्त्यावरच्या सगळ्या कारखान्यांत ते गेलं होतं, त्याने सांगितलं. गॅरेजवाल्याकडे, काचवाल्याकडे, पलीकडच्या बर्फाच्या कारखान्यात. नाव कुणी बदललं नाही. कुणाच्या तासांवरून वाद झाला की माणसं म्हणायची, जरा उर्मिला उघड. केरळचा टाइमकीपर म्हणायचा, बंगालचा म्हणायचा, एक इजिप्तचा फोरमन तर अर्ध्या अरबीतून म्हणायचा, यल्ला, उर्मिला, म्हणजे चला, उर्मिला काढा.

उर्मिलाबाईंचे डोळे भरून आले. ऑफिसात ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्यांना या अनोळखी रस्त्यावर पहाटेपासून लोक हाका मारत होते. त्या टेबलाचा आधार घेऊन खुर्चीत बसल्या आणि त्यांनी नाक पुसलं. मग त्यांचा मूळ स्वभाव जागेवर आला. "मग एवढं सगळं होतं तर खूण का नाही केलीत?"

"इन्शाल्ला, करतो ना मॅडम," खैरुद्दीन खिडकीबाहेर बघत म्हणाला. "चहा घेणार ना? बिनदुधाचा, सुलेमानी चालेल?"

"मामा, सांग ना त्यांना," साजिदा म्हणाली. खैरुद्दीन चहाच्या किटलीत डोकं घालून बसला, तेव्हा तिने स्वतःच खुर्ची ओढली. "काकू, तुमचं शीट चुकीचं होतं."

एवढी सरळ वाक्यं उर्मिलाबाईंना सहसा ऐकून घ्यावी लागत नाहीत, ती बोलायचं काम त्यांच्याकडे असतं. "माझं शीट?" त्या म्हणाल्या.

"उन्हाळ्यात दुपारची सुट्टी वजा करता ना तुम्ही, ती सगळ्यांचीच वजा होते. तारीख बघता, वेळ बघत नाही. रात्रपाळीवाला माणूस दुपारी खोलीत झोपलेला असतो. त्याचेही अडीच तास कापले जायचे."

उर्मिलाबाईंनी कीबोर्ड ओढला. आपली मूळ फाइल त्यांनी उघडली, जुलैची तारीख घातली, संध्याकाळी चढणारा आणि पहाटे उतरणारा एक माणूस घातला, आणि एंटर दाबलं. अडीच तास गेले. त्यांनी पुन्हा दाबलं, जणू शीटला पश्चात्ताप होणार होता. पुन्हा गेले. जगातल्या लोकांच्या फॉर्म्युल्यांतले कंस तपासत फिरणाऱ्या बाईच्या स्वतःच्या शीटमध्ये एवढं मोठं भगदाड होतं. त्यांना लाज वाटली, कानापर्यंत वाटली.

"मग माणसांचे तास?" त्यांनी विचारलं.

"पहिल्याच पगाराला रात्रपाळीवाले येऊन उभे राहिले. मी शोधून काढलं, त्याच महिन्यात भरून दिलं. तेव्हापासून नीट आहे."

"मला कळवायचंत की हो," त्या खैरुद्दीनला म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

खैरुद्दीनने चहाचा पेला त्यांच्यापुढे ठेवला. "कसं कळवणार, मॅडम? तुम्ही एवढं रात्रंदिवस बसून दिलंत. वर चुकलं म्हणून कसं सांगू? आणि खूण करावी तर तेही खोटं. रोज तुमचा काइंडली यायचा, रोज मी म्हणायचो उद्या लिहू. मग लाज वाटून तो फोरमच उघडायचा सोडला."

म्हणजे तो कृतघ्न नव्हता. भिडस्त होता. कोकणातल्या माणसाला फणस कापताना हात चिकट झालेले चालतात, पण पाहुण्याचा फणस कच्चा निघाला हे सांगता येत नाही. उर्मिलाबाईंनी वर्षभर त्याला मनातल्या मनात जे जे म्हटलं होतं ते सगळं त्यांना आठवलं, आणि त्यांनी चहाचा घोट घाईने घेऊन जीभ भाजून घेतली.

"आणि माझं काय?" साजिदा म्हणाली. तिचा सूर आता हिशेब मांडणाऱ्या माणसाचा होता. "दुरुस्त मी केलं. यंदाच्या रमजानला तारखा मी बदलल्या. आणि सगळा रस्ता म्हणतो उर्मिला, उर्मिला. मी मामाला सांगितलं, निदान टॅबचं नाव तरी बदल. तर म्हणतो, राहू दे, लोकांना सवय झालीय. काकू, एक माणूस विचारत नाही हो, की हे ठीक कुणी केलं. थँक यू नाही, काही नाही. सरळ शीट उचलतात आणि जातात."

ही वाक्यं उर्मिलाबाईंना चांगलीच ओळखीची होती. ती त्यांचीच होती, फक्त दापोलीहून आली होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत आपण अबू धाबीहून इथवर गाडी हाकली, आणि मुसळ इथे टॅबवर आपल्याच नावाने टांगलेलं होतं, हे त्यांना कळलं, आणि ते गोड मुळीच लागलं नाही.

खैरुद्दीनने तेवढ्यात फोन काढला होता. दोघींतली कुरबुर मिटवायचा त्याच्याकडे एकच मार्ग होता. "मॅडम एवढ्या लांबून आल्यात. मी करूनच टाकतो खूण. खलास." धागा उघडला. त्यांचं उत्तर समोर होतं, आणि त्याच्यापुढे ती करडी, रिकामी खूण, जिच्यासाठी त्यांनी बेसन भाजलं होतं. खैरुद्दीनचं बोट तिच्यावर आलं.

खरं सांगायचं तर उर्मिलाबाईंना ती खूण त्या क्षणीही हवी होती. हवी म्हणजे अगदी मनापासून हवी होती. कुणाला काय कळणार होतं? या रस्त्यावर शीट बरोबर झालंच होतं. पण ते चुकीचं उत्तर खूण लागून नव्या जागी कायमचं जाऊन बसणार, आणि कुठल्याशा गावातला कुणी टाइमकीपर हिरवा रंग बघून विश्वासाने ते उचलणार. त्याच्याकडे साजिदा असेलच असं नाही.

"थांबा," त्या म्हणाल्या. "बोट काढा."

खैरुद्दीनने चटका बसल्यासारखं बोट काढलं.

"साजिदा, फोरमवर तुझं खातं आहे? नाही ना? उघड. तू केलेली दुरुस्ती तुझ्या नावाने लिही. फॉर्म्युला नीट लिही, आणि का बदलला तेही लिही, नाहीतर लोकांना कळत नाही. आणि खैरुद्दीनभाई, खूण तिच्या उत्तराला करायची. माझ्या उत्तराच्या माथ्यावर मी लिहिते की हे वापरू नका, खालचं वापरा."

"काकू, तुमचं पुसलं जाणार नाही?"

"धागा नव्या जागी गेला की त्यातलं सगळंच जातं बरोबर. खूण तुझी. लिही लवकर, महिना संपत आलाय."

साजिदाने लिहिलं. उर्मिलाबाई मागे उभ्या राहून कंस मोजत होत्या, आणि दोनदा "काइंडली घाल ना शेवटी" म्हणाल्या. साजिदाने घातलं नाही. मग खैरुद्दीनने फोन हातात घेतला, बिस्मिल्ला म्हटलं आणि बोट टेकवलं. करडी खूण हिरवी झाली.

साजिदा त्या हिरव्या खुणेकडे जरा वेळ नुसती बघत राहिली. कानामागचं पेन काढलं, पुन्हा खोचलं. "बरं वाटतं हो," ती म्हणाली.

"मग मी वेडी म्हणून मागते का?" उर्मिलाबाई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर शारजाच्या रांगेत गाडी थांबली तेव्हा संजयरावांनी आजवर न विचारलेलं विचारलं. "मिळाली?"

"झाली एकदाची. पण दुसऱ्याच एका मुलीला."

संजयरावांनी गिअरकडे पाहिलं. अशा वेळी काय बोलायचं नाही एवढं त्यांना संसाराने शिकवलं होतं, तरी ते बोललेच. "म्हणजे एवढं करून हात हलवत परत."

उर्मिलाबाई उत्तर देणार तेवढ्यात घरून केयाचा फोन आला. तिने आईचा धागा उघडून बसावं हे एरवी झालं नसतं, पण आईला पोलीस पकडतात की काय या काळजीने ती सकाळपासून तो बघत होती. "आई, हू इज साजिदा? शी रोट अबाउट यू. रीड करू?" आणि तिने वाचून दाखवलं. साजिदाने फॉर्म्युल्याच्या आधी, अगदी वरच्या ओळीत, इंग्रजीत लिहिलं होतं की मूळ शीट उर्मिला निमकर यांचं आहे, मी फक्त त्यातली दुपार दुरुस्त केली, आणि कुणी हे पुढे दिलं तर दोघींचं नाव द्यावं. मागे उभं राहून कंस मोजणाऱ्या बाईने ती ओळ वाचलीच नव्हती.

उर्मिलाबाईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. मग "हं" म्हणाल्या आणि बंद केला. पुढची गाडी हलली, मागच्या गाडीतला कुणी हबीबी हॉर्न वाजवायला लागला.

"हात हलवत कुठे?" त्या म्हणाल्या. त्यांनी मांडीवरच्या डब्याचं झाकण उघडलं. लाडू तिथे उतरले होते, आणि निघताना साजिदाने आत नेऊन डबा भरून दिला होता. तांदळाची भाकरी होती, खाली सुक्या जवळ्याची चटणी. तिचा स्वतःचा दुपारचा डबाच तिने त्यात रिकामा केलेला दिसत होता. उर्मिलाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडून संजयरावांच्या हातात दिला, एक आपण घेतला, आणि फोनवर साजिदाच्या उत्तराखाली एका बोटाने मराठीत लिहिलं, "चालतंय. धन्यवाद गं."